पाठ झालेलं खरं

हत्तरकी सरांचा पाठांतरावर एवढा विश्वास, की साक्षात देव समोर उभा राहिला असता तरी सरांनी त्याच्याकडून आधी त्याचंच नाव घोकून घेतलं असतं. सगळी हयात त्यांनी गडहिंग्लजच्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेची पोरं घडवण्यात घालवली होती. कोणत्या वाक्याला उजवा हात वर करायचा, कुठे आवाज उतरवायचा, कुठे डोळे भरून आणायचे, सगळं ठरलेलं. पुढे वक्तृत्वाचे दिवस सरले आणि शाळाशाळांतून अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा सुरू झाल्या. मुलांनीच वकील व्हायचं, मुलांनीच साक्षी द्यायच्या आणि निवाडा करायला एखादे खरेखुरे निवृत्त न्यायाधीश बसायचे. सरांनी पोरांच्या अंगावर काळे कोट चढवले, पद्धत मात्र जुनीच ठेवली.

केतकी देसाई ही त्यांची लाडकी वकील. दहावीत होती आणि बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी करायची. दूध कुणामुळे उतू गेलं, असं आईने घरी विचारलं तर ही आईचीच उलटतपासणी घ्यायची. त्या वर्षी तिने साक्षीदार म्हणून वर्गातल्या शिवलीला कोरीला संघात घेतलं, तेव्हा मात्र सर बुचकळ्यात पडले.

"अगं, ती हजेरीला 'हजर' म्हणताना घाबरते. ती काय साक्ष देणार?"

"तिला खरी साक्ष द्यायची आहे सर," केतकी म्हणाली. "दिवाळीनंतर. कोर्टात."

सरांना ते ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. शिवलीलाचे वडील बसवराज कोरी, गावाचे बसवअप्पा, हे फुटबॉलचे पंच. एका संध्याकाळी मुलीला गाडीवर मागे बसवून ते मैदानावरून घरी निघाले होते. वळणावर ठेकेदार मोरबाळ्यांच्या पिकअपने त्यांना उडवलं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोलिसांपुढे मोरबाळ्यांचा पगारी ड्रायव्हर हात जोडून उभा राहिला आणि गाडी मीच चालवत होतो म्हणाला. शिवलीलाने पाहिलं होतं ते वेगळंच. गाडीत एकटा ठेकेदारांचा मुलगा सुमित होता. बसवअप्पा बेशुद्ध पडलेले, रस्त्यावर आणखी कुणी नाही. म्हणजे गाडी कोण चालवत होतं, हा सगळा खटला या हजेरीला घाबरणाऱ्या पोरीच्या तोंडावर उभा होता.

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही," केतकीने तिला समजावलं. "आधी आमच्या खोट्या कोर्टात पोह, मग खऱ्यात."

"आणि बुडलो तर?" शिवलीला म्हणाली.

"मी हाय की!"

स्पर्धेची रीत अशी, की साक्षीदार मुलांसमोर आयोजक एक छोटी घटना खरोखर घडवून आणत. या वेळी शाळेच्या पटांगणात एक बाई आणि एक फुगेवाला भांडले, फुगेवाल्याची सायकल पडली, फुगे उडाले. सायकल बाईने ढकलली की आपोआप पडली, यावर खटला. साक्षीदारांनी ती घटना एकदाच पाहायची आणि महिन्याभराने कोर्टात सांगायची.

शिवलीलाचं सांगणं ऐकून केतकीचं डोकंच फिरलं. आधी फुगे उडाल्याचं सांगायची, मग म्हणायची बाईच्या पायात पैंजण होते, मग मध्येच, "थांब, त्याच्या आधी एक कुत्रं आल्तं." केतकीने कुत्रं काढलं, पैंजण काढले. आधी वेळ, मग ठिकाण, मग अंतर, मग चेहरा. एक-दोन-तीन-चार बोटं. सरांनी त्यात विराम घातले, 'आल्तं'चं 'आलं होतं' केलं. रोज शाळा सुटल्यावर घोकंपट्टी चाले. ती संपली की बाकीची पोरं घरी जात आणि केतकी शिवलीलाला चिंचेखाली बसवून खरी साक्ष घोटून घेई. तीच चार बोटं.

"सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास, माळावरच्या वळणावर, सुमारे दहा पावलांच्या अंतरावरून, मी वाहन चालवणाऱ्या इसमाचा चेहरा स्पष्टपणे पाहिला," शिवलीला म्हणे.

"परत."

"सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास..."

तालुक्याच्या फेरीत शिवलीला अशी काही बोलली, की टाळ्या थांबेनात. कुबड्या घेऊन आलेल्या बसवअप्पांनी खिशातली शिट्टी काढून वाजवली. शिवलीला हसली. वर्षभरात ती एवढी मोकळी हसलेली केतकीने पाहिली नव्हती. आपण एका माणसाचं आयुष्य सरळ करतोय, असं त्या दिवशी तिला वाटलं आणि त्याचा तिला भलताच अभिमान वाटला.

जिल्ह्याच्या फेरीला कोल्हापुरात साक्षमापक होतं. खऱ्या कोर्टांत ते यंत्र येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर टिफिनच्या डब्याएवढी पेटी, तिला एक कॅमेरा, एक माईक आणि वर एक दिवा. हिरवा लागला तर ठीक, पिवळा लागला तर पंचाईत. ते खोटं पकडणारं यंत्र आहे, असं गावातल्या लहानथोरांना वाटत होतं आणि केतकीलाही वाटत होतं.

"कर नाही त्याला डर कशाला?" तिने शिवलीलाची वेणी ओढत म्हटलं. "तू खरंच बोलणार आहेस."

शिवलीलाने तोंड उघडलं आणि तिसऱ्याच वाक्याला दिवा पिवळा झाला. तो शेवटपर्यंत पिवळाच राहिला. विरुद्ध बाजूच्या मुलाला काही करावंच लागलं नाही. त्याने उठून एवढंच विचारलं, "हे तू किती वेळा म्हटलंयस?" आणि तो खाली बसला. त्यांचा साक्षीदार म्हणजे एक शेंबडं पोर होतं. ते 'अं... अं...' करत, मान खाजवत, सायकलीचा रंगही चुकीचा सांगून गेलं आणि त्याचा दिवा मात्र हिरवागार! केतकी हरली. हरली ते ठीक, पण खरं बोलून हरली, ह्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक परीक्षकांच्या खोलीत घुसली.

"मशीन बिघडलंय मॅडम. तिने जे पाहिलं तेच सांगितलं."

इनामदार मॅडम चहा पीत होत्या. आयुष्यभर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेली ती बाई अशा तावातावाला सरावलेली होती. "बस," त्या म्हणाल्या. "ते यंत्र खरंखोटं ओळखतं असं कुणी सांगितलं तुला?"

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. माणूस आठवून बोलतो, तेव्हा आधी त्याच्या डोळ्यांपुढे चित्र येतं आणि मग तो त्याला शब्द शोधतो. शोधताना नजर इकडेतिकडे फिरते, डोळ्यातली बाहुली लहानमोठी होते, वाक्याच्या ऐन मध्यावर जीभ अडते. पाठ केलेलं म्हणणाऱ्याला चित्र लागतच नाही. एक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो, रेल्वेच्या डब्यांसारखा. तो थांबतो तो वाक्य संपल्यावर, श्वास घ्यायला. कॅमेरा डोळे पाहतो, माईक थांबे पाहतो. हे आठवणीतून येतंय की पाठांतरातून, एवढंच यंत्राला कळतं. पूर्वी पैसेवाले लोक साक्षीदार पढवून आणत. ते ओळखायला हे यंत्र बसवलं.

"पण पाठ केलेलं खरं असेल तर?" केतकीने विचारलं.

"यंत्राच्या लेखी ते पाठच." मॅडमनी कप खाली ठेवला. "आणि यंत्राचंही फार चुकत नाही बरं का. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेलं भांडं नव्हे. दर वेळी बाहेर काढली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते आणि ज्या शब्दांत परत ठेवशील त्या शब्दांच्या साच्यात सुकते. पुष्कळदा केलं की मूळचा आकार जातो, साचा तेवढा राहतो."

स्पर्धा, फुगेवाला, सगळं केतकीच्या मनात एका क्षणात मागे पडलं. "आणि खऱ्या कोर्टात पिवळा लागला तर?"

"साक्ष बाजूला ठेवतात. पुन्हा घेत नाहीत. नाहीतर रंग बदलेपर्यंत लोक घोकतच बसतील."

मॅडमना तिचा चेहरा पाहून काय वाटलं कोण जाणे, पण स्पर्धेचं एक सरावाचं यंत्र त्यांनी शाळेला वापरायला दिलं. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली केतकीने ते शिवलीलासमोर मांडलं आणि म्हणाली, "अप्पांचं सांग."

"सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास..."

पिवळा.

"असं नको, साधं सांग. तुझ्या भाषेत."

"संध्याकाळी दिवे लागायच्या टायमाला, माळावरच्या वळणावर, धा पावलांवरनं..."

पिवळा. शब्द बदलले होते, साचा तोच होता. चार बोटं.

मग केतकीने हात धुऊन त्या आठवणीचा पिच्छा पुरवला. शेवटून सुरुवातीकडे सांग. चित्र काढून दाखव. गाणं म्हणत म्हणत सांग. तिला माळावरच्या त्या वळणावर नेऊन उभं केलं. शिवलीलाने वळणाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि त्या जागेवर उभं राहून तीच वाक्यं म्हटली. केतकीने यंत्राला लाथ मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

हत्तरकी सरांना हे कळलं तेव्हा त्यांच्याकडे उपाय तयार होता. "अडखळायला हवंय ना? मग अडखळणं बसवून घेऊ! 'माळावरच्या' नंतर एक थांबा. 'चेहरा'च्या आधी नजर डावीकडे. 'अं' दोनदाच, जास्त नको." आणि त्यांनी खरोखर शिवलीलाकडून ते पाठ करून घेतलं. दर वेळी त्याच जागी 'अं', त्याच जागी डावीकडे नजर. दिवा पिवळाच, पण आता इतक्या झटकन लागायचा की जणू तो वाटच पाहत होता. केतकीला हसावं की रडावं कळेना. सरांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. या वेळी ते ठरवलेलं नव्हतं.

"दुसरं काही येत नाही गं मला," ते म्हणाले आणि स्टाफरूममध्ये निघून गेले.

त्या दिवशी शिवलीलाने दप्तर उचललं. "बास आता."

"बास कसं? पुढच्या आठवड्यात तारीख आहे!"

"तुला कळतंय काय केतकी? आधी मला रोज त्याचं तोंड दिसायचं. झोपेत दिसायचं, जेवताना दिसायचं. नको नको व्हायचं. आता डोळं मिटलं की तू दिसतीस. बोटं मोजताना. त्याचं तोंडच दिसत न्हाई मला." तिने दप्तर खांद्याला अडकवलं. "एवढं एकच हुतं माझ्याकडं. ते पण घेतलंस."

असं कुणी केतकीला आजवर बोललं नव्हतं. तिला राग आला. यंत्राचा, सरांचा, शिवलीलाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

ती बसवअप्पांकडे गेली. ते अंगणात बसून कुबडीचं रबर बदलत होते. तिने सगळं सांगून टाकलं. त्यांनी रबर नीट बसवलं, कुबडी जमिनीवर टेकून पाहिली.

"पंचानं दिसल्या क्षणी शिट्टी वाजवायची असतीया बाळ," शेवटी ते म्हणाले. "फाऊल का दिला, ते मागनं नीट सांगता येत न्हाई. पण दिसल्यालं असतंय. आता हिला काय सांगू नगंस, काय इचारू नगंस. हुईल ते हुईल."

केतकीने त्या विषयावर तोंडाला कुलूप लावलं. आठवडाभर ती शिवलीलाशी सिनेमाबद्दल बोलली, गणिताच्या बाईंबद्दल बोलली. शिवलीला हूं हूं करत राहिली.

कोर्टात गर्दी नव्हती. पुढच्या बाकावर ठेकेदार मोरबाळे आणि सुमित. सुमितने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो आपल्या नखांकडे पाहत होता. मागे बसवअप्पा, सर आणि केतकी. खरं यंत्र सरावाच्या यंत्रापेक्षा लहान होतं. सरकारी वकिलांनी शिवलीलाला विचारलं, "त्या दिवशी काय झालं, तुझ्या शब्दांत सांग."

शिवलीलाने श्वास घेतला. केतकीला दिसलं, की ती प्रयत्न करतेय. ती कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधत होती. क्षणभर दिवा हिरवा राहिला. मग घाबरलेला माणूस हाताला येईल तो कठडा धरतो, तसं तिने ते पाठ वाक्य धरलं.

"सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास, माळावरच्या वळणावर..."

पिवळा.

मोरबाळ्यांचे वकील नेर्लीकर म्हणून होते. वयस्क, गोड बोलणारे. ते उठले. "छान बोललीस हो बाळ. कुणी शिकवलं?"

शिवलीलाची नजर मागच्या बाकाकडे गेली. "केतकीनं."

नियम असा, की साक्ष पढवलेली दिसली तर पढवणाऱ्याला तिथल्या तिथे बोलावता येई. शिवलीला वडिलांजवळ जाऊन बसली आणि केतकी पिंजऱ्यात उभी राहिली. अभिरूप न्यायालयात तिने किती जणांना या कठड्यामागे घाम फोडला होता! आज यंत्राचा काळा डोळा तिच्यावर होता.

"'इसमाचा चेहरा स्पष्टपणे पाहिला,' हे वाक्य कुणाचं?" नेर्लीकरांनी विचारलं.

ती नाही म्हणू शकली असती. पण काय उपयोग? तिला चिंचेखालचा तो दिवस आठवला. "माझं... म्हणजे, ती आधी नुसतं 'दिसला' म्हणाली होती. मी... अं... स्पष्टपणे घातलं."

हिरवा.

"दहा पावलं?"

"तिने... हात असा केला होता, एवढ्यावर म्हणून. मी मोजून बघितलं, चिंचेपासून... पायरीपर्यंत."

हिरवा.

"किती वेळा म्हणून घेतलंस?"

"रोज. पुष्कळदा. ती रडली होती एकदा, तरी... तरी परत म्हण म्हणालो मी."

हिरवा, स्वच्छ हिरवा. नेर्लीकर हसून खाली बसायला निघाले. केतकीच्या लक्षात आलं, की आपण एकेका खऱ्या शब्दाने मैत्रिणीच्या पायाखालची जमीन काढतोय. तिने कठडा घट्ट धरला.

"पण तिने पाहिलं होतं!" ती ओरडली. "वाक्यं माझी असतील, पाहिलं तिने होतं. गाडी सुमित मोरबाळेच चालवत होता. शिवलीलाने त्याला आपल्या डोळ्यांनी पाहिलं!"

दिवा पिवळा झाला.

कोर्टात कुणीतरी खाकरलं. केतकी दिव्याकडे बघतच राहिली. त्यात नवल काहीच नव्हतं. ती त्या वळणावर नव्हतीच. तिच्याकडे चित्र कुठलं असणार? तिच्याकडे होतं ते वाक्य, आणि ते तिलाही पाठ झालं होतं.

"पढवणाऱ्या मुलीलाच खात्री नाही, एवढंच मला दाखवायचं होतं," नेर्लीकर म्हणाले.

"खोटं हाय ते मशीन!"

शिवलीला उभी होती. बसवअप्पांनी तिचा हात धरला होता, तो तिने झिडकारला. तिची नजर सुमितवर होती, मग छतावर गेली, मग परत सुमितवर.

"तो उतरला हुता. त्याच्या... त्याच्या एका पायात चप्पल न्हवती. अप्पांच्या अंगावरनं पाय टाकून आला पलीकडं. वाकून... थांबा, आधी गाडीखाली बघितलं त्यानं. मग मला म्हणाला, माझा मोबाईल कुठं पडला, बघितलास काय गं? आणि मी... काय माहीत मला काय झाल्तं... मी शोधून दिला त्याला! गवतात पडल्ता. अप्पा तसेच पडल्याले आणि मी आधी त्याचा मोबाईल पुसून दिला त्याच्या हातात!"

ती धाय मोकलून रडायला लागली. सुमितने नखांवरून नजर उचलली होती आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. कारकुनाने टाइप करायला बोटं उचलली आणि न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. यंत्राचं तोंड केतकीकडे होतं आणि ते केतकीचं मौन ऐकत होतं.

"तुमची साक्ष संपलेली आहे," न्यायाधीश शिवलीलाला म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता, पण उपयोगाचाही नव्हता. "ती पुन्हा घेता येत नाही. नोंद करू नका. खाली बसा."

केतकीने वेळ विचारली होती, ठिकाण विचारलं होतं, अंतर विचारलं होतं, चेहरा विचारला होता. मग पुढे काय झालं गं, असं मात्र तिने शिवलीलाला एकदाही विचारलं नव्हतं.

"तुम्हीही जा," न्यायाधीश केतकीला म्हणाले. "पुढचा साक्षीदार."